ऑगस्ट १९७२चं सौरवादळ: चंद्रावरच्या माणसांना आत बोलवायचं कधी?

२७ एप्रिल १९७२ रोजी अपोलो १६ या चांद्रमोहिमेचे अंतराळवीर पॅसिफिक महासागरात उतरले. अपोलो १७चं उड्डाण झालं ७ डिसेंबरला. या दोन तारखांच्या मधोमध, २ ते ११ ऑगस्टच्या दरम्यान, सूर्यावरच्या एकाच डागसमूहातून एकामागून एक प्रचंड स्फोट झाले. त्यातल्या ४ ऑगस्टच्या स्फोटानंतर पृथ्वी आणि चंद्राच्या परिसरात प्रोटॉनांचा जो मारा झाला, तो उपग्रहांनी मोजलेल्या सर्वांत तीव्र माऱ्यांमध्ये आजही गणला जातो. त्या दिवसांत चंद्रावर कोणी नव्हतं. पृथ्वीच्या कक्षेतही कोणी नव्हतं. स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक पुढच्या वर्षी उडायचं होतं आणि जून १९७१मध्ये सोयुझ ११च्या तिघांचा मृत्यू झाल्यापासून सोव्हिएत मानवी उड्डाणं थांबलेली होती.

या प्रकरणात रुग्ण नाही, अपघात नाही, चौकशी समितीचा अहवालही नाही. तरीही चंद्रावर माणसं पाठवण्याचा विचार करणारा प्रत्येक आराखडाकार आजवर ‘ऑगस्ट १९७२’ची तारीख समोर ठेवून आपल्या यानाची परीक्षा घेत आला आहे. ही चर्चा बहुतेक वेळा यानाच्या भिंतीच्या जाडीपाशी थांबते. भिंत महत्त्वाची आहेच, पण त्या वादळाचा घटनाक्रम तासातासाने तपासला की माझं लक्ष दुसरीकडे जातं. चंद्रावरच्या माणसाचा जीव भिंतीइतकाच त्या भिंतीपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळेवर अवलंबून आहे, आणि ती वेळ बऱ्याच अंशी एका निर्णयाने ठरते. हा निर्णय पुरावा अपुरा असतानाच घ्यावा लागतो.

वादळाचा घटनाक्रम

मॅकमॅथ-हलबर्ट वेधशाळेच्या नोंदींत या डागसमूहाचा क्रमांक ११९७६ होता. जुलैअखेर तो सूर्यबिंबाच्या पूर्व कडेवरून दिसायला लागला. २ ऑगस्टला त्यातून मोठ्या सौरज्वाला उसळल्या आणि ४ ऑगस्टला, समूह बिंबाच्या जवळपास मध्यावर असताना, जागतिक वेळेनुसार सकाळी सव्वासहाच्या सुमारास सर्वांत घातक ठरलेली ज्वाला भडकली. तिच्या क्ष-किरणांनी उपग्रहांवरच्या मापकांची कमाल मर्यादा ओलांडली.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करून घ्यावी लागते, कारण बातम्यांमध्ये ‘सौरवादळ’ या एकाच नावाखाली तीन गोष्टी मिसळल्या जातात. पहिली म्हणजे प्रकाश आणि क्ष-किरण, जे सुमारे आठ मिनिटांत पोचतात. दुसरी म्हणजे जवळपास प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करणारे प्रोटॉन, जे काही मिनिटांपासून काही तासांत येतात. तिसरी म्हणजे सूर्याच्या प्रभामंडलातून सुटलेला विद्युतभारित वायूचा महाकाय लोट, ज्याला सीएमई म्हणतात. हा लोट यायला एरवी दोन-तीन दिवस लागतात. ४ ऑगस्टचा लोट १४.६ तासांत पृथ्वीवर आदळला. इतक्या कमी वेळात पृथ्वीपर्यंत पोचलेला दुसरा लोट अजून नोंदला गेलेला नाही.

लोटाचे परिणाम जमिनीवर लगेच दिसले. अमेरिकेत इलिनॉय आणि आयोवा या राज्यांमधली एटी अँड टी कंपनीची लांब पल्ल्याची दूरध्वनी केबल बंद पडली. उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी नौदलाने पेरलेले, चुंबकीय बदलाने पेटणारे सागरी सुरुंग आपोआप फुटू लागले. होन ला बंदराजवळ गस्तीवरच्या विमानांनी अवघ्या ३० सेकंदांत सुमारे दोन डझन स्फोट पाहिले. डेलोरेस निप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये नौदलाची जुनी, गोपनीयता उठवलेली कागदपत्रं तपासून हा सगळा प्रसंग पुन्हा मांडला.

केबल आणि सुरुंगांची ही हकिगत वाचायला थरारक आहे. पण चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती जवळजवळ गैरलागू आहे. लोटाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरतं. चंद्राला असं सर्वव्यापी क्षेत्रच नाही, वातावरणही नाही. तिथल्या माणसाचा संबंध फक्त दुसऱ्या गोष्टीशी, म्हणजे प्रोटॉनांशी येतो.

आणि प्रोटॉनांच्या बाबतीत ४ ऑगस्टची घटना विशेष वाईट होती. सूर्यापासून सुटलेला लोट पुढे सरकताना आपल्यासमोर एक धक्कालहर ढकलत आणतो. ही लहर वाटेतल्या कणांना सतत गती देत राहते. त्यामुळे प्रोटॉनांचा मारा एकदा उसळी मारून ओसरला, असं झालं नाही. तो तासन्‌तास चढत राहिला आणि धक्कालहर येऊन धडकेपर्यंत चढाच होता. दोन दिवस आधीच्या लोटांनी अवकाशातली परिस्थिती आधीच बिघडवून ठेवली होती, तिचाही यात हात असल्याचं मानलं जातं. सूर्यावरच्या उलथापालथी साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि घटतात. या सौरचक्राचा कळस १९६८मध्येच येऊन गेला होता. चक्र उताराला लागलेलं असताना त्याने आपला सर्वांत मोठा तडाखा दिला. ‘सूर्य शांत होत चाललाय, आता धोका कमी’ असा हिशेब मांडणाऱ्याने ही एक गोष्ट कधी विसरू नये.

कोणत्या भिंतीमागे किती

प्रोटॉन किती खोल शिरणार हे त्याच्या ऊर्जेवर ठरतं. १ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात, म्हणजे जवळपास शरीराच्या ऊतींत, जेमतेम सव्वा मिलिमीटर जातो. ३ कोटींचा नऊ मिलिमीटरच्या आसपास. १० कोटींचा पावणेआठ सेंटिमीटर, म्हणजे थेट अस्थिमज्जा आणि पोटातल्या अवयवांपर्यंत. ऑगस्ट १९७२च्या माऱ्यात या टप्प्यातले, १ कोटी ते १० कोटींच्या दरम्यानचे प्रोटॉन अफाट संख्येने होते, आणि त्याहून जास्त ऊर्जेकडे जाताना त्यांची संख्या झपाट्याने घटत होती.

या एका वैशिष्ट्यामुळे निवाऱ्यानिवाऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला असता. किरणोत्सर्गापासूनचा आडोसा मोजायची रीत अशी: भिंतीच्या एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रामागे किती ग्रॅम वस्तुमान आहे. चांद्रपोशाखाचं हे माप साधारण पाव ग्रॅम भरतं. अपोलोच्या कमांड मॉड्यूलचं, म्हणजे एका अंतराळवीरासह चंद्राभोवती फिरत राहणाऱ्या मुख्य यानाचं, सरासरी ७ ते ८ ग्रॅम. पोशाख सुमारे दीड कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खालचे प्रोटॉन अडवतो. कमांड मॉड्यूलची भिंत साडेआठ कोटींच्या आसपासपर्यंतचे अडवते. वादळाचा मुख्य भर नेमका या दोन आकड्यांच्या मध्ये होता.

नासाचे तेव्हाचे किरणोत्सर्गतज्ज्ञ फ्रान्सिस कुचिनोटा यांनी २००५मध्ये सांगितलेल्या अंदाजानुसार, या वादळात चंद्रावर उघड्यावर सापडलेल्या माणसाला सुमारे ४०० रेम, म्हणजे ४ सिव्हर्ट मात्रा बसली असती. कमांड मॉड्यूलमधल्या माणसाच्या रक्त तयार करणाऱ्या अवयवांना ३५ रेमपेक्षा कमी. एकाच मोहिमेतल्या दोन माणसांमध्ये दहापटींहून जास्त अंतर पडतं.

अपोलोची स्वतःची मर्यादा शेजारी ठेवली की चित्र अधिक बोचरं होतं. रक्त तयार करणाऱ्या अवयवांसाठी ५० रॅड आणि त्वचेसाठी ४०० रॅड अशी कमाल मात्रा मोहिमेसाठी ठरवलेली होती. रॅड शरीराने शोषलेली ऊर्जा मोजतो आणि रेम तिचा शरीरावरचा परिणाम. ही एककं वेगळी असली तरी या प्रोटॉनांच्या बाबतीत आकडे तुलनेपुरते जवळ येतात. म्हणजे कक्षेत फिरणारा तिसरा अंतराळवीर मर्यादेच्या आत राहिला असता. खाली पृष्ठभागावरचे दोघे वादळभर उघड्यावर राहिले असते, तर मर्यादेच्या आठपट पुढे गेले असते.

प्रत्यक्षातल्या अपोलो मोहिमांचे आकडे किती लहान होते, हेही इथेच पाहिलं पाहिजे. अपोलो ११च्या अंतराळवीरांना सरासरी ०.१८ रॅड मात्रा मिळाली. सर्वांत जास्त अपोलो १४ला, १.१४ रॅड, आणि तीही मुख्यतः पृथ्वीभोवतीचे व्हॅन ॲलन पट्टे ओलांडताना यानाचा मार्ग पट्ट्यांच्या अधिक दाट भागातून गेल्यामुळे. चंद्रावर उतरलेल्या सहाही मोहिमांच्या काळात एकही मोठं प्रोटॉन वादळ आलं नाही. या लहान आकड्यांवरून अपोलोची किरणोत्सर्ग सुरक्षा पुरेशी होती असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा मला अस्वस्थ वाटतं. त्या सुरक्षेची परीक्षाच झाली नाही.

अपोलो १७ ऑगस्टमध्ये असतं तर

आता कल्पना करू. डिसेंबरमध्ये झाली तीच मोहीम ऑगस्टमध्ये आहे. लुनार मॉड्यूल, म्हणजे चंद्रावर उतरणारं यान, टॉरस-लिट्रोच्या दरीत उभं आहे. यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट यांची दुसरी चांद्रफेरी, म्हणजे यानाबाहेर पडून पृष्ठभागावर केलेली फेरी, चालू आहे आणि ते रोव्हर ही चांद्रगाडी घेऊन नान्सेन विवरापाशी पोचले आहेत. खऱ्या मोहिमेत हे ठिकाण लुनार मॉड्यूलपासून ७.६ किलोमीटरवर होतं, अपोलोच्या सगळ्या फेऱ्यांमध्ये सर्वांत दूर. तिथवरचा रोव्हरचा प्रवास तासाभराहून थोडा जास्त. रोनाल्ड इव्हान्स वर कमांड मॉड्यूलमध्ये एकटे प्रदक्षिणा घालत आहेत. जागतिक वेळ सकाळी सव्वासहा.

ज्वाला भडकते. तिची खबर मिळायला उशीर लागत नाही. नासाने खास अपोलोसाठी ह्यूस्टन, ऑस्ट्रेलियातलं कार्नार्व्हन, कॅनरी बेटं अशा ठिकाणी सौर दुर्बिणी आणि रेडिओ दुर्बिणींचं जाळं उभारलं होतं, म्हणजे पृथ्वी फिरत असली तरी सूर्यावर सतत कोणाची तरी नजर राहावी. काही मिनिटांत ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात निरोप येतो: मोठी ज्वाला, जोरदार रेडिओ स्फोट.

खरी अडचण इथे सुरू होते. मोठ्या ज्वालेमागून प्रोटॉन येतातच असं नाही. आले तरी ते सूर्याच्या चुंबकीय रेषांच्या वळणदार वाटेने येतात आणि ती वाट त्या क्षणी चंद्राकडे वळलेली आहे का, हे ज्वालेच्या चमकेवरून सांगता येत नाही. प्रोटॉनांचा चढ कक्षेतल्या मापकांवर दिसेपर्यंत खात्री नाही. आणि मापकावर चढ दिसतो, तेव्हा तो चंद्रावरच्या दोघांच्या पोशाखातूनही आत जाऊ लागलेला असतो.

नियंत्रण कक्षातल्या माणसासमोर मग तीन वाटा उरतात. फेरी चालू ठेवायची आणि मापकांकडे पाहत राहायचं. दोघांना लुनार मॉड्यूलपाशी बोलावून तिथे थांबवायचं. किंवा सगळं सोडून वर उड्डाण करायला सांगायचं.

मधली वाट वरवर शहाणपणाची दिसते, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहू. लुनार मॉड्यूल वजन वाचवण्यासाठी अतोनात हलकं केलेलं यान होतं. त्याच्या दाबाच्या कोठडीची ॲल्युमिनियमची भिंत काही ठिकाणी ०.३ मिलिमीटर इतकी पातळ होती. उपकरणं, इंधनाच्या टाक्या, खालचा टप्पा यांचा काही दिशांनी आडोसा मिळतो. पायाखालचा चंद्र तर अर्धं आकाश झाकतोच, आणि हा फायदा उघड्यावरही मिळतो. पण कमांड मॉड्यूलच्या तुलनेत ही कोठडी वादळाचा निवारा म्हणायच्या लायकीची नव्हती. तिथे जाऊन बसणं म्हणजे अर्धवट सुरक्षेत वेळ घालवणं, आणि मारा तर तासागणिक वाढतो आहे.

तिसरी वाट खरी सुरक्षित. पण तिला लागणारा वेळ मोजा. तासाभराचा परतीचा प्रवास. आत शिरणं, कोठडीत दाब भरणं, उड्डाणाची तयारी. कमांड मॉड्यूल योग्य जागी येण्याची वाट. खऱ्या अपोलो १७मध्ये चंद्रावरून उड्डाण केल्यापासून जोडणी होईपर्यंत सव्वादोन तास लागले होते. सगळं घाईने केलं तरी निरोप मिळाल्यापासून जाड भिंतीमागे पोचेपर्यंत चार-पाच तास तरी जाणार, असा माझा अंदाज आहे. सव्वासहाला आलेल्या इशाऱ्यावर लगेच हालचाल केली, तर दोघे दुपारपूर्वी कमांड मॉड्यूलमध्ये असते आणि दिवसभर चढत गेलेल्या माऱ्याचा मोठा भाग त्यांनी जाड भिंतीमागे काढला असता. ‘आणखी दोन तास पाहू’ म्हटलं असतं, तर त्यांचं उड्डाण आणि जोडणी माऱ्याच्या चढत्या तासांत गेली असती.

४०० रेमचा आकडा मी जसाच्या तसा घ्यायला तयार नाही, हेही सांगायला हवं. तो उघड्यावर सापडलेल्या माणसासाठीचा आहे. अपोलोचा पोशाख फार तर सात-आठ तास जगवू शकत होता आणि वादळ त्याहून कितीतरी लांबलं. कोणीही पूर्ण वादळभर बाहेर थांबला नसता. सर्नन आणि श्मिट यांची मात्रा बहुधा ३५ आणि ४००च्या मध्ये कुठेतरी पडली असती. नेमकी कुठे, हे ज्वाला कितीही मोठी असली तरी तिने ठरवलं नसतं. ह्यूस्टनमधल्या कोणीतरी किती मिनिटांत ‘परत या’ म्हटलं, यावर ते ठरलं असतं.

मधल्या मात्रांनाही कमी लेखू नये. साधारण १ ग्रेच्या (म्हणजे १०० रॅडच्या) आसपास मात्रा शरीराला थोड्या काळात मिळाली तर काही तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होऊ शकतात. घरी बसलेल्या माणसाची उलटी आणि सीलबंद हेल्मेटमधल्या माणसाची उलटी यांत जीवन-मरणाचं अंतर आहे. शिवाय या लक्षणांची वेळ पाहा. चंद्रावरून उड्डाण, कक्षेत गाठ, जोडणी ही संपूर्ण मोहिमेतली सर्वांत नाजूक कामं नेमकी त्याच तासांत हातून करायची असतात. ३ ते ४ ग्रेपर्यंत मात्रा गेली, तर उपचारांशिवाय अर्ध्या माणसांचा जीव जाऊ शकतो, पण रक्तपेशींची घसरण तळाला जायला आठवडे लागतात. परतीचा प्रवास तीन दिवसांचा. म्हणजे ते जिवंत पृथ्वीवर पोचले असते आणि खरी लढाई रुग्णालयात झाली असती. कुचिनोटांचंही म्हणणं असंच होतं: वेळेत परतून उपचार मिळाले, तर असा माणूस वाचू शकतो.

खोट्या इशाऱ्याची किंमत

या प्रकरणावरचं बरंच लिखाण ‘जास्त आडोसा हवा’ असं सांगून संपतं. मला इथे जास्त वेळ घालवावासा वाटतो, कारण आडोशाचं गणित अभियंते करतातच. निर्णयाचं गणित अधिक कठीण आहे आणि त्यावर बोललं कमी जातं.

समजा नियम असा केला: मोठी ज्वाला दिसली की बाहेरच्यांना आत बोलवा. सौरचक्राच्या कळसाच्या काळात मोठ्या ज्वाला नित्याच्या असतात. चांद्रफेरीचा प्रत्येक तास वर्षानुवर्षांच्या तयारीतून मिळवलेला असतो. प्रत्येक ज्वालेला फेरी रद्द होत गेली, तर मोहिमेला काही अर्थ उरणार नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे चार वेळा विनाकारण परत आलेला माणूस पाचव्यांदा सावकाश परततो. उलट खात्री होईपर्यंत थांबायचं असा नियम केला, तर खात्री होते तेव्हा पहिला तास हातचा गेलेला असतो.

दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. एक फेरी वाया जाणं ही मोठी हानी आहे, पण ती भरून काढता येते. म्हणून अशा नियमात कल उघडपणे लवकर परतण्याकडे असायला हवा, आणि तो नियम उड्डाणाच्या आधी, शांत डोक्याने, आकड्यांत लिहिलेला असायला हवा. ऐन वेळी, पंचवीस वर्षांचं स्वप्न पुरं करणारा भूवैज्ञानिक खडकासमोर उभा असताना कोणी निष्पक्ष राहू शकत नाही. हा कमकुवतपणा नाही, माणसाचा स्वभाव आहे, आणि सुरक्षेचे नियम स्वभाव धरूनच लिहावे लागतात.

इशाऱ्याची गुणवत्ता वाढवणं हा दुसरा मार्ग, आणि त्यात गेल्या काही दशकांत खरी प्रगती झाली. त्याच उद्रेकात सुटलेले इलेक्ट्रॉन प्रोटॉनांपेक्षा खूप हलके असल्याने प्रकाशाच्या जवळपास वेगाने येतात आणि आधी पोचतात. १९९५मध्ये सोडलेल्या सोहो या सौर वेधशाळेच्या मापनांवरून आरिक पॉझनर यांनी २००७मध्ये दाखवलं की इलेक्ट्रॉनांचा चढ कसा आहे ते पाहून प्रोटॉनांच्या माऱ्याचा अंदाज तासाभरापर्यंत आधी बांधता येतो. तास हा शब्द इथे महत्त्वाचा. सर्नन आणि श्मिट यांना नान्सेन विवरापासून परतायला लागला असता, जवळपास तेवढाच.

मला स्वतःला मात्र ‘धोका आहे’पेक्षा ‘पुढचे काही तास धोका नाही’ हा अंदाज अधिक मोलाचा वाटतो. चांद्रफेरी सहा-सात तासांची असते. तेवढ्या मुदतीची विश्वासार्ह हमी देता आली, तर फेऱ्यांचं वेळापत्रकच तिच्याभोवती आखता येईल. पण अशी हमी देणं अधिक अवघड आहे, कारण त्यासाठी सूर्याच्या न दिसणाऱ्या बाजूवरून कडेला येत असलेले डागसमूहही माहीत असावे लागतात.

आजची यानं, आजचे आकडे

ओरायन या नासाच्या नव्या चांद्रयानात या प्रश्नाला दिलेलं उत्तर मला मनापासून आवडतं, कारण त्यात वेगळं वजन न्यावं लागत नाही. वादळाचा इशारा आला की अंतराळवीर यानाच्या मध्यभागी सामान ठेवण्याच्या कप्प्यांत शिरतात आणि सामानाच्या पिशव्या स्वतःभोवती रचून आडोसा करतात. अन्न, पाणी, उपकरणं, जे आधीपासून सोबत आहे तेच भिंत बनतं. पूर आल्यावर धान्याच्या पोत्यांनीच उंबऱ्याला बांध घालावा, तसं. यानातली हेरा ही मापकयंत्रणा मात्रेचा दर सतत पाहते आणि ठरावीक पातळी ओलांडताच स्वतःहून गजर करते.

नोव्हेंबर-डिसेंबर २०२२मध्ये आर्टेमिस १ मोहिमेत ओरायन माणसांविना चंद्राला फेरी मारून आलं. त्यात हेल्गा आणि झोहर नावाच्या, स्त्रीच्या शरीररचनेप्रमाणे बनवलेल्या दोन प्रतिकृती होत्या. हजारो मापकं त्यांच्या ‘अवयवां’त बसवली होती आणि झोहरच्या अंगात संरक्षक जाकीट होतं. यानातल्या मापनांचे २०२४मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष लक्षवेधी आहेत. यानातल्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आडोशाच्या जागांमध्ये मात्रेचा फरक चारपटींपर्यंत गेला. व्हॅन ॲलन पट्ट्यातून जाताना यान ९० अंशांत वळलं, तेव्हा काही जागी मात्रा निम्म्यावर आली. म्हणजे एकाच यानात कोण कुठे बसतो, यान कोणत्या तोंडाने उभं आहे, यानेही किती फरक पडतो, हे मोजून सिद्ध झालं.

मर्यादाही बदलल्या. नासाने २०२२मध्ये अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी ६०० मिलिसिव्हर्टची एकच मर्यादा स्वीकारली, वय आणि लिंग काहीही असो. यानांच्या रचनेसाठी सौर प्रोटॉन वादळातली मात्रा २५० मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायची आहे. वैश्विक किरणांचा रोजचा, न थांबणारा मारा हा निराळा विषय. चीनच्या चांग-ई ४ यानावरच्या मापकाने चंद्राच्या पृष्ठभागावर तो दिवसाला सुमारे १.३७ मिलिसिव्हर्ट मोजला. महिनाभर मुक्काम केला, तर चाळीसेक मिलिसिव्हर्ट. दीर्घ मुक्कामांसाठी हा आकडा गंभीर आहे, पण त्याने कोणी आठवड्यात मरणार नाही, आणि म्हणूनच तो या प्रकरणाच्या बाहेर ठेवतो.

या प्रकरणाची मर्यादा

ऑगस्ट १९७२ला मापदंड मानण्यात एक धोका आहे. ते वादळ प्रचंड होतं, पण त्याचे प्रोटॉन तुलनेने ‘मऊ’ होते, आणि मारा कळसाला जायला तास लागले. सगळी वादळं इतकी सवड देत नाहीत. २० जानेवारी २००५च्या घटनेत एकूण मारा लहान होता, पण अतिशय जास्त ऊर्जेचे प्रोटॉन ज्वालेपाठोपाठ मिनिटांतच पोचले आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्यांनी कळस गाठला. फेब्रुवारी १९५६च्या वादळाचे प्रोटॉनही असेच ‘कठीण’ होते. अशा प्रोटॉनांपुढे कमांड मॉड्यूलसारखी भिंतही बरीच अपुरी पडते, आणि इलेक्ट्रॉनांवरून मिळणारा आगाऊ इशाराही मिनिटांवर येतो. १९७२च्या मोठेपणासाठी आखलेलं यान आणि २००५च्या वेगासाठी आखलेला नियम, या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिली पुरी केली म्हणून दुसरी आपोआप पुरी होत नाही.

आणि इथे अपोलोची एक जुनी अट आठवते, जी किरणोत्सर्गासाठी केलेलीच नव्हती. रोव्हर बिघडला, तर हाती असलेल्या प्राणवायूवर चालत लुनार मॉड्यूलपर्यंत परतता आलं पाहिजे, एवढ्याच अंतरापर्यंत जायची परवानगी असे. या नियमाने अंतराळवीरांना निवाऱ्याच्या फेरात बांधून ठेवलं होतं. दक्षिण ध्रुवाजवळच्या पुढच्या मोहिमांसाठी बंदिस्त, दाबयुक्त रोव्हर आखले जात आहेत, ज्यांत दोन माणसं दिवसचे दिवस राहून तळापासून दूर जाऊ शकतील. असा रोव्हर प्राणवायूचा फेर पुसून टाकतो. त्याच्या जागी किरणोत्सर्गाचा फेर आखायचा असेल, तर दोनच पर्याय आहेत: पाण्याच्या टाक्या आणि सामान माणसांभोवती रचता येईल असा निवारा रोव्हरमध्येच नेणं, किंवा तळापासूनचं अंतर इशाऱ्याच्या वेळेत बसवणं. दुसरा पर्याय घेतला, तर २० जानेवारी २००५सारख्या दिवशी ते अंतर रोव्हरच्या पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासाइतकंच भरतं.